सातव्या खाटेच्या पुढे

अकोल्यात आमचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. आमचं म्हणजे दादाचं. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो आणि दादा बारावीत. त्यानं कॉलेजचा विचार सोडला, एका पत्रेवाल्याकडे काम धरलं, आणि धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या, कूलरच्या बॉड्या करत करत चार वर्षांत स्वतःचं शेड उभं केलं. मला त्यानं आयटीआयला घातलं. तिथं मी दोन वर्षं पत्राकाम शिकलो आणि परत येऊन त्याच्याच हाताखाली लागलो. त्याच्या पैशानं शिकलो म्हणून असेल, त्याच्यापुढे तोंड उघडणं मला कधी जमलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यातला माझा वाटा मला लपवायचा नाही.

सुरुवातीला घराच्या खिडकीत बसणारे साधे कूलर आम्ही करायचो. मग हॉलवाले, शोरूमवाले डक्ट कूलर मागू लागले. गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर मोठा कूलर बसवायचा आणि त्याची हवा पत्र्याच्या चौकोनी बोगद्यातून आत न्यायची. त्या बोगद्याला डक्ट म्हणतात. जागोजागी त्याला जाळ्या असतात, त्यांतून हवा खाली येते. दिसायला काम सोपं. पत्रा वाकवता येतो त्याला वाटतं आपण डक्ट करू शकतो. दादालाही तसंच वाटायचं.

आयटीआयचे आमचे एक सर या डक्टवर फार जीव लावून शिकवायचे. ते म्हणायचे, कूलर हवा थंड करतो, पण ती माणसापर्यंत पोचवतो डक्ट. हवेला काटकोनात वळवू नका, गोल वळण द्या आणि वळणाच्या आत वाकवलेल्या पट्ट्या बसवा. एक-एक जाळी मागे पडेल तसा डक्ट हळूहळू लहान करत न्या, एकदम चेपू नका. सांधे बुजवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला समोरच्या बाजूनं वाट ठेवा, नाहीतर खोलीची नुसती चिकचिक होते. मला हे ऐकल्याबरोबर कळलं. आमची माय नांदगाव खंडेश्वरकडची, माहेरी भाजीचा मळा. सुट्टीत मामाकडे मी वांग्याला पाणी द्यायचो. दांड, म्हणजे पाण्याचा पाट, एकदम काटकोनात मोडला की पाणी बांध फोडून भलतीकडे जातं आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो, हे मी आठ वर्षांचा असताना पाहिलं होतं.

दादानंही ते पाहिलं होतं. पण मळ्यातलं पाणी आणि पत्र्यातली हवा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्याच्या मनात कधी आलं नाही.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका खासगी दवाखान्याचं काम आम्हाला मिळालं ते आमचं तोवरचं सगळ्यांत मोठं काम. दुसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्ड, एका रांगेत बारा खाटा. छत सपाट नव्हतं. सातव्या खाटेवर एक जाड बीम आडवा गेला होता. मी मोजमाप घेतलं, अकोल्याला परत येताना मूर्तिजापूरपर्यंत गाडीत उभ्यानं विचार करत आलो, आणि घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला. बीमच्या पाच फूट आधीपासून डक्टची उंची हळूहळू कमी करायची, तेवढीच रुंदी वाढवायची, बीमखालून तो चपटा काढायचा, आणि पलीकडे पुन्हा हळूहळू मूळ आकारावर आणायचा. वळणं गोल. पहिल्या जाळ्यांना झडपा, म्हणजे त्यांनी सगळी हवा खाऊ नये.

दादानं कॅलेंडर उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय बनवून राहिला? विमान?"

"दादा, बीमपाशी काटकोन दिला तर पुढं हवा जाणार नाही."

"वाऱ्याले काय डोये असतात का बे, काटकोन पाहून परत फिराले? पत्र्यात घातला की जाते तो. किती पत्रा वाया जाईन याच्यात, अन् किती दिवस लागतीन, पाह्यलं का?"

मी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं. मला आणखी एकदा सांगता आलं असतं. एक लहान नमुना करून, पंखा लावून दाखवता आला असता. पण त्या कामासाठी दादा सहा महिने त्या दवाखान्याच्या मॅनेजरच्या मागे फिरला होता, आणि मला स्वतःलाही ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

दादाच्या पद्धतीनं काम झालं. बीमपाशी डक्ट एकदम अर्धा चेपला, काटकोनात खाली उतरवला आणि पलीकडे पुन्हा काटकोनात वर चढवला. पत्रा चकचकीत होता, सांधे वरून छान दिसत होते. चालू करायच्या दिवशी मॅनेजर तिसऱ्या जाळीखाली उभा राहिला. त्याचे केस उडाले. "वा, काश्मीर केलं तुम्ही," तो म्हणाला. दादा हसला. मी पेपरची एक पट्टी फाडून हातात धरली आणि खाटांच्या रांगेनं चालत गेलो. सहाव्या खाटेपर्यंत ती फडफडत होती. आठव्या खाटेपाशी जरा हलली. बाराव्या खाटेवर मी ती जाळीच्या अगदी खाली धरली, ती सरळ लटकत राहिली. मी तिचा बोळा करून खिशात टाकला. मॅनेजरनं विचारलं, "तिकडं बरोबर आहे ना?" मी मान हलवली. हो म्हणून.

पुढच्या वर्षी मे महिन्यात माय अमरावतीला ताईकडे, माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी, गेली होती. अंगणात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. ताईनं तिला त्याच दवाखान्यात नेलं. जवळ होता, आणि ताईच्या मनात आणखी एक गोष्ट होती. फोनवर ती मला म्हणाली, "तिथं तुमी केलेला कूलर आहे ना, मायले गरम नाई होनार." मी विचारलं, खाट कोणती? ती म्हणाली, "जनरल वॉर्डात एकच रिकामी होती. शेवटची."

ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांत घरी जायची ती टाके पिकल्यामुळे तिथंच अडकली. मायला कुशीवर वळता येत नव्हतं. पाठीखाली घामोळं आलं, मग कातडी लाल झाली, मग सोलली. ताई दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घालायची. आणि पहिल्या सहा खाटांवरची माणसं अंगावर चादरी घेऊन झोपलेली असायची. एका म्हाताऱ्याच्या मुलानं तर थंडी वाजते म्हणून जाळीत पेपर कोंबला होता.

माय आल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होती, "हे माह्या पोरायनं केलं हाय." नर्सना, झाडूवालीला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला. चार-पाच दिवसांनी तिनं सांगायचं बंद केलं. का, ते मला नंतर कळलं.

एका रविवारी दुपारी मी आणि दादा दोघं तिला भेटायला गेलो. अकराव्या खाटेवर आता दुसरी बाई होती, दोनच दिवसांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेली. तिचा नवरा आम्हाला ओळखत नव्हता. तो बायकोच्या तोंडावर टॉवेलनं वारा घालत होता, घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. टॉवेल खाली टाकून तो वर डक्टकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "ज्यानं हा डबा इथं बसवला ना, त्याच्या मायले आनून याच्याखाली झोपवली पाह्यजे."

ताईचा हात थांबला. दादा खिडकीकडे बघू लागला.

माय डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "झोपलीच हाय ना बापा मी."

त्या माणसाला आधी समजलं नाही. मग त्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि समजलं. तो टॉवेल उचलून पुन्हा वारा घालू लागला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा बाहेर जिन्यात गेला. मी त्याच्यामागे गेलो.

"दादा, बीमपासचा तुकडा काढून नवीन बसवू. तीन-चार दिवसांचं काम आहे."

"अन् मॅनेजरले काय सांगशीन? आमचं चुकलं म्हनून?"

"हो."

"आज इथं तोडला तर उद्या अकोल्यातले सारे म्हनतीन, आमचाबी तोडा. धंदा बंद कराचा हाय का? मायले आपन स्पेशल रूममध्ये हलवू."

स्पेशल रूम एकही रिकामी नव्हती. अकराव्या खाटेवरच्या बाईचं काय, हे मी विचारलं नाही. विचारून उत्तर काय आलं असतं हे मला माहीत होतं.

त्या आठवड्यात मी दादाला न सांगता अमरावतीतच राहिलो. दादाच्या शेडमध्ये काम करणं शक्यच नव्हतं. आयटीआयच्या एका मित्राचं बडनेऱ्याच्या वाटेवर छोटं वर्कशॉप होतं. तिथं मी ते तुकडे केले, जसे कॅलेंडरमागे काढले होते तसे. गोल वळणं, आत पट्ट्या, बीमखालचा चपटा रुंद भाग, पहिल्या सहा जाळ्यांसाठी झडपा. काम अवघड नव्हतं. ते इतकं सोपं निघालं याचीच लाज वाटत होती. दोन माणसं, तीन दिवस.

आमचं चुकलं होतं, हे मी मॅनेजरला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बिल घेताना तर सगळं बरोबर होतं!" मग म्हणाला, रविवारी सकाळी चार तास देतो, नातेवाइकांनी बोंब मारली तर मी तुम्हाला ओळखत नाही.

रविवारी कूलर बंद केला तसे पुढच्या खाटांवरचे लोक माझ्या अंगावर आले. मी शिडीवरून ऐकून घेत होतो. जुना तुकडा उतरवला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात वर्षभराची धूळ आणि कूलरच्या पॅडमधलं गवत गच्च बसलेलं दिसलं. हवा जिथं अडत होती नेमकी तिथंच. नवा तुकडा बसवला, सांधे बुजवले, झडपा थोड्या थोड्या मिटत हवा वाटून दिली. मग पलीकडच्या भिंतीतल्या, शेवटच्या खाटांसमोरच्या तीन खिडक्या वीतभर उघडून अडकवल्या. लोक म्हणाले, ऊन येईल, बंद करा. मी म्हणालो, दहा मिनिटं थांबा.

दहा मिनिटं लागलीच नाहीत. अकराव्या खाटेवरच्या बाईची वेणी उशीवर हलली. तिचा नवरा जाळीखाली हात धरून उभा राहिला, आणि हातानंच त्यानं मला खाली ये अशी खूण केली. मी उतरल्यावर त्यानं मला पाण्याची बाटली दिली.

मी मायजवळ गेलो. तिच्या कपाळावरचे केस उडत होते. ती छताकडे बघत होती. नवा तुकडा बघत होती.

"आता दांडासारका झाला," ती म्हणाली. "आधी मोडलेला होता. चार-पाच दिवस पडल्या पडल्या पाह्यलं, मंग लोकायले सांगनं बंद केलं. म्हटलं, असा कोनी दांड मोडते का?"

"हो माय."

"तुले मालूम होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "होतं," मी म्हणालो.

"बसवला तवा मालूम होतं?"

"हो."

तिला कुशीवर वळता येत नव्हतं. तिनं फक्त तोंड भिंतीकडे केलं. मी तासभर तिथं बसलो. ताईनं तिच्या ओठांना पाणी लावलं तेव्हाही तिनं तोंड इकडे वळवलं नाही.

तीन दिवस त्या टोकाला चांगली हवा होती. बीमपासून दूर, तीन खिडक्यांसमोर. खरं तर त्या वॉर्डातली ती आता सगळ्यांत चांगली जागा झाली होती. हे मॅनेजरलाही कळलं. चौथ्या दिवशी त्यानं सुतार आणला. दहा, अकरा आणि बारा या खाटांभोवती ॲल्युमिनियम-काचेचं पार्टिशन उभं राहिलं आणि त्यावर सेमी-स्पेशल अशी पाटी लागली. जनरलच्या पेशंटना तिथं ठेवता येत नव्हतं. मायची खाट आठव्या जागेवर आली. अकराव्या खाटेवरच्या बाईला दाराजवळ नेलं.

मी मॅनेजरला सांगायला गेलो की त्या तीन खिडक्या पार्टिशनच्या आत गेल्यात, आता वॉर्डातल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नाही, दोन दिवसांत भिंतींना पाणी सुटेल. तो मोबाइलवर बोलत होता. मान वर न करता म्हणाला, "ते तुमच्या कूलरचं तुम्ही बघा. आमचं आम्ही बघतो."

दोन दिवसही लागले नाहीत. चादरी ओल्या वाटू लागल्या, फरशीवरून नर्स घसरली. मायच्या पाठीवरची जखम, जी जरा सुकली होती, ती पुन्हा चिघळली. लोक पुन्हा कूलरला शिव्या देऊ लागले. या वेळी माझ्या तोंडावर, कारण रविवारी शिडीवर मला सगळ्यांनी पाहिलं होतं. "तुमी हात लावला अन् बिघडलं," असं दाराजवळच्या एका म्हातारीनं मला सांगितलं. तिला मी काय समजावणार होतो?

ताई मायला घरी घेऊन गेली. जखम भरायला दिवाळी उजाडली. वॉकर धरून ती अंगणापर्यंत जायला लागली, त्यापुढे कधी गेली नाही. अकोल्याला परत यायला तिनं नकार दिला. दादा दोनदा गाडी घेऊन न्यायला आला. "मी पोरीकडं बरी हाय," एवढंच ती म्हणायची. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. मलाही नाही. मी राजापेठेतच एक खोली घेऊन काम सुरू केलं होतं, रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचो. ती चहा घे म्हणायची, जेवून जा म्हणायची. पूर्वी माझ्याशी मामाच्या मळ्याबद्दल तासन्‌तास बोलायची, ते तिनं पुन्हा कधी काढलं नाही. मीही नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली, झोपेत, न्यूमोनियानं. खुब्याचा त्याच्याशी संबंध नव्हता असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी आणि दादा ताईच्या ओट्यावर बसलो होतो. मी त्याला न विचारता तो तुकडा बदलला, तेव्हापासून तीन वर्षांत आम्ही कामापुरतंही बोललो नव्हतो. मी मनात बरंच काही साठवून ठेवलं होतं. सुरुवात त्यानंच केली.

"तू लोकायले सांगतं म्हने, माह्या हट्टामुळं मायचे हाल झाले."

"नाही सांगत."

"सांगत असशीन तरी खरंच हाय ते. पन एक सांग. मले मालूम नव्हतं. मले इमानदारीनं वाटे का वारा जाते. मी बारावी शिकलेला मानूस, मले कोनं शिकवलं? तू शिकला होता. मीच शिकवला तुले. तुले मालूम होतं अन् तू मान हलवली. आता तूच सांग, कोनाचं जास्त?"

तो उठला, चप्पल घातली, ताईला हाक मारून येतो म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर आमचा फोनही झालेला नाही.

या एप्रिलमध्ये इथल्याच एका ट्यूशन क्लासवाल्यानं मला बोलावलं. लांब हॉल, दीडशे पोरं, मागच्या भिंतीला एकही खिडकी नाही. मी सांगितलं, मागं वर झरोके पाडावे लागतील, डक्ट हळूहळू लहान करत न्यावा लागेल, वळण मोठं लागेल, त्यासाठी एक कपाट हलवावं लागेल. तो म्हणाला, "अकोल्याचे एक जण आहेत, ते म्हणतात याची काही गरज नाही." नाव सांगितलं नाही, पण मला कळलं. मी म्हणालो, माझ्याच्यानं तसं होणार नाही. त्यानं चहा पाजला आणि काम दुसऱ्याला दिलं.

पंधरा दिवसांनी मी त्या रस्त्यानं जात होतो. दुपारचा अडीचचा सुमार. वर खिडकीतून आत गेलेला नवा पत्रा उन्हात चमकत होता. त्याचा काटकोन खालूनही दिसत होता. क्लास सुटला आणि पोरं जिना उतरू लागली. पुढच्या बाकावरची कोण आणि मागची कोण, हे त्यांच्या पाठीवरून सांगता येत होतं. मागच्यांचे शर्ट ओले होते. क्लासवाला दारात उभा होता, त्यानं मला ओळखून हात केला. वर जाऊन दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. निदान मागचं दार तरी उघडं ठेवा, एवढं म्हणता आलं असतं. मीही हात केला, आणि गाडीला किक मारली.